हक्क आणि अदब : पुण्याच्या बालशिक्षणाच्या इतिहासातील काही पाने

"लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस!" हे वाक्य ज्याने बालपणी ऐकले नाही असा माणूस आपल्या समाजात सापडणे कठीण. मुलाने मध्येच काही विचारले, एखादी गोष्ट मान्य नाही असे म्हटले, वा 'मला का नाही?' असा सवाल केला की हा घास त्याच्या तोंडातून काढून घेतला जातो. असे बोलण्यामागे वडीलधाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. मुलांना हक्कांची भाषा शिकवली तर ती उद्धट होतील, अदब विसरतील आणि उद्या आपल्यालाच उलट उत्तरे देतील, अशी भीती त्यांना वाटते. ही भीती खरी आहे काय? तीन-चार वर्षांच्या बालकाला त्याचे हक्क आणि दुसऱ्याचा मान या दोन्ही गोष्टी एकत्र शिकवता येतात काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जायला नको. आपल्या पुणे शहराच्या पेठांमध्येच ते लिहून ठेवलेले आहे.

गंज पेठेतील शेजार

गंज पेठेला आज महात्मा फुले पेठ म्हणतात. मोमीनपुऱ्यातील मुले रोज ज्या रस्त्यांनी शाळेत जातात, त्या रस्त्यांपासून महात्मा जोतीराव फुले यांचा वाडा हाकेच्या अंतरावर आहे. जोतीराव १८२७ साली जन्मले. फुलांचा व भाजीपाल्याचा धंदा करणारे त्यांचे वडील गोविंदराव यांनी लोकांच्या सांगण्यावरून मुलाला मध्येच शाळेतून काढले व मळ्याच्या कामाला लावले. माळ्याच्या पोराला लिहिण्यावाचण्याचे काय काम, असे सांगणारे लोक तेव्हा पुष्कळ होते.

त्या वेळी मुलाची हुशारी दोन शेजाऱ्यांच्या लक्षात आली. एक होते गफार बेग मुन्शी, फार्सी-उर्दूचे शिक्षक. आणि दुसरे लिजिट साहेब, एक ख्रिस्ती गृहस्थ. या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत जाऊ लागले. हिंदू घरातला मुलगा, त्याच्यासाठी शब्द टाकणारा एक मुसलमान व एक ख्रिस्ती! मुन्शीजींना यातून काही मिळवायचे नव्हते. शेजारच्या मुलाच्या शिक्षणावर त्या मुलाचा हक्क आहे, एवढेच त्यांनी जाणले. 'बालकाचा हक्क' हा शब्दप्रयोगही तेव्हा कोणाच्या कानावर पडला नव्हता. पण हक्काची जाणीव मात्र एका उस्तादाच्या मनात जागी होती. आपल्या समाजाने अभिमानाने सांगावी अशी ही हकिकत आहे, आणि त्याहीपेक्षा तिचे अनुकरण करावे अशी आहे.

पुढे १८४८ साली जोतीरावांनी बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांची अहमदनगरची मुलींची शाळा पाहून त्यांना ही प्रेरणा मिळाली होती. सावित्रीबाई शिकवू लागल्या. लोकक्षोभामुळे गोविंदरावांनी मुलाला व सुनेला घराबाहेर काढले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात आसरा दिला, असे फुले दांपत्याच्या चरित्रांतून सांगितले जाते. परंपरेने उस्मानभाईंची बहीण मानल्या जाणाऱ्या फातिमाबाई सावित्रीबाईंबरोबर शाळेच्या कामात होत्या. १० ऑक्टोबर १८५६ रोजी आजारपणामुळे माहेरी नायगावला गेलेल्या सावित्रीबाईंनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्यामागे फातिमाला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा विश्वास त्यात व्यक्त झाला आहे. एका शिक्षिकेने दुसऱ्या शिक्षिकेविषयी याहून मोठे प्रशस्तिपत्र काय द्यावे?

भिडे वाड्याची ती जीर्ण वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आली, ती राष्ट्रीय स्मारकासाठी. स्मारके जरूर व्हावीत. परंतु त्या वास्तूत जे घडले ते आपल्या घरात घडते की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

एका मुलीचा निबंध

फुले दांपत्याच्या शाळांतून काय शिकवले जात होते, याचा सर्वांत बोलका पुरावा एका विद्यार्थिनीने मागे ठेवला आहे. तिचे नाव मुक्ता साळवे. मांग समाजातील ही मुलगी. शाळेत अवघी तीन वर्षे शिकलेल्या या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि १८५५ साली 'ज्ञानोदय' या पत्राने तो फेब्रुवारी व मार्च महिन्यांच्या दोन अंकांत छापला.

त्या निबंधातील एक प्रसंग पालकांनी व विद्यार्थ्यांनी आवर्जून ध्यानात घ्यावा. मुक्ता सांगते की, वरच्या जातीच्या मुलांनी दगड मारून मांग-महारांच्या मुलांना रक्तबंबाळ केले, तरी त्यांचे आईबाप सरकारात फिर्याद नेत नाहीत. कारण उद्या उष्टे-शिळे मागायला त्याच घरी जावे लागते. किती साध्या शब्दांत तिने केवढे सत्य सांगितले! दगड मारणारेही मूलच होते आणि मार खाणारेही मूलच. एकाला लहानपणीच शिकवण मिळाली की दुसऱ्याचे डोके फोडले तरी चालते. दुसऱ्याला शिकवण मिळाली की डोके फुटले तरी तोंडातून ब्र काढायचा नाही. या दोन्ही शिकवणी शाळेत मिळाल्या नव्हत्या. त्या घरात, अंगणात, गल्लीत, मूल चालू-बोलू लागल्यापासून मिळाल्या होत्या.

येथेच आपल्या विषयाचे मर्म आहे. हक्क शिकवला नाही म्हणून मूल नम्र होते असे नाही. ते एक तर दबून जाते, नाही तर दुसऱ्याला दाबायला शिकते. मुक्ताला तीन वर्षांच्या शाळेने या दोन्ही वाटांपासून वाचवले. तिने दगडाला दगडाने उत्तर दिले नाही आणि ती गप्पही बसली नाही. तिने लेखणी उचलली. निबंधाच्या शेवटी ती आपल्या बांधवांना शिकण्याचा आग्रह करते. लहान तोंडी घेतलेला हा मोठा घास होता, आणि आज पावणेदोनशे वर्षांनंतर मराठी साहित्याचे अभ्यासक तो आदराने अभ्यासतात.

ज्या फुले दांपत्याने ही मुलगी घडवली, त्यांच्या घरी बालकाच्या हक्काचा आरंभ त्याच्या जिवापासून होत होता. फसवल्या गेलेल्या विधवांची अर्भके मारली जाऊ नयेत म्हणून त्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. १८६८ साली त्यांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्या घरात वाढणाऱ्या मुलाला समतेवर व्याख्यान देण्याची गरज काय होती? हौदावर पाणी भरायला कोण येते आणि त्याच्याशी घरातील माणसे कशी बोलतात, हे ते रोज पाहत होते. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचवले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. परक्या मुलाच्या जिवासाठी एका शिक्षिकेने आपला जीव दिला.

कायद्याची लांबलेली वाट

१८८२ साली हंटर कमिशनपुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. त्याच निवेदनात त्यांनी मुसलमानांविषयीही एक निरीक्षण नोंदवले आहे. हा समाज सरकारी शाळांपासून दूर राहतो, मराठी वा इंग्रजीची त्याला आवड दिसत नाही, असे ते लिहितात. ही टीका द्वेषाची नव्हती. ज्याला लहानपणी एका मुन्शीजींनी शाळेची वाट दाखवली, त्याच माणसाची ही काळजी होती. ते वाक्य लिहिले गेले त्याला आज एकशे चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आपल्या संस्था, आपली वसतिगृहे, आपल्या मुलींच्या शाळा हे त्या वाक्याला दिलेले उत्तर होय.

पुण्याचेच नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्याच वर्षी, १९१२ साली, ते तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरात मात्र राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहाच्या कार्याला आरंभ केला आणि १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

जगातही हीच जाणीव हळूहळू वाढत होती. पहिल्या महायुद्धात उपासमार झालेली मुले पाहून एग्लंटाइन जेब या इंग्रज बाईंनी बालकांच्या हक्कांचा एक छोटा मसुदा तयार केला आणि राष्ट्रसंघाने तो १९२४ साली जिनिव्हा येथे स्वीकारला. संयुक्त राष्ट्रसंघाने २० नोव्हेंबर १९५९ रोजी बालहक्कांचा जाहीरनामा आणि २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार मंजूर केला. भारताने डिसेंबर १९९२ मध्ये त्या कराराला मान्यता दिली. या करारात एक गोष्ट लक्षणीय आहे. मुलाला आपले मत मांडण्याचा हक्क जसा त्यात आहे, तसेच शिक्षणाने मुलात आईवडिलांविषयी, स्वतःच्या भाषेविषयी आणि आपल्याहून वेगळ्या संस्कृतींविषयी आदर निर्माण करावा, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे हक्क आणि अदब ही एकाच कागदावर आलेली आहेत.

आपल्या देशात २००२ साली घटनेत दुरुस्ती होऊन सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलाला शारीरिक शिक्षा देणे व त्याचा मानसिक छळ करणे यांस या कायद्याने शाळेत बंदी आहे. फुल्यांच्या निवेदनापासून या कायद्यापर्यंत तब्बल सव्वाशे वर्षे गेली!

टेकडीवरची बालवाडी

परंतु सहा वर्षांच्या आतील मुलांचे काय? त्यांच्यासाठी ज्या स्त्रियांनी महाराष्ट्रात मूलभूत काम केले, त्यांत ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांची नावे अग्रभागी आहेत. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम शिकल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. अनुताई पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या. बालपणीच विधवा झालेल्या या मुलीने जिद्दीने शिक्षण घेतले, पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका म्हणून काम केले आणि १९४५ साली त्या ताराबाईंबरोबर ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या. पुढे १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत नेले गेले. बोर्डी व कोसबाड ही गावे आज पालघर जिल्ह्यात आहेत.

मुले शाळेत येत नाहीत, याचे खापर या बायांनी मुलांवर फोडले नाही. मुले का येत नाहीत हे त्यांनी पाहिले. कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे होते, कोणाला गुरे राखायची होती. तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली, तिची अंगणवाडी झाली. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरली, तिला कुरणशाळा म्हटले गेले. मुलाचा मान राखणे म्हणजे काय, याचा हा वस्तुपाठ आहे. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा मराठी शब्द देशभर पोहोचला.

या साऱ्या कार्यामागे मादाम माँटेसरी यांच्या विचारांचा आधार होता. १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह काढले आणि १९३९ साली त्या भारतात येऊन अनेक वर्षे राहिल्या. त्यांच्या वर्गात प्रत्येक साधन एकच असते. मनोऱ्याचे ठोकळे एका मुलाच्या हाती असतील तर दुसऱ्याने थांबायचे. खेळून झाले की साधन जागच्या जागी ठेवायचे, म्हणजे पुढच्याला ते मिळेल. दुसऱ्याची चटई तुडवायची नाही, कडेने जायचे. येथे 'हक्क' या शब्दाचा उच्चारही होत नाही. पण माझी पाळी माझी आहे आणि तुझी पाळी तुझी आहे, हे तीन वर्षांचे मूल हातापायांनी शिकते. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने तर मुलांच्या गोट्यांच्या खेळाचा अभ्यास केला व १९३२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. अगदी लहान मुलांना नियम म्हणजे मोठ्यांनी घालून दिलेली, न बदलणारी गोष्ट वाटते. बरोबरीच्या मुलांशी खेळता-खेळता, भांडता-मिटवता, नियम हा सर्वांनी मिळून पाळायचा करार असतो हे त्यांना उमगते, असे त्यांना आढळले. आपल्या गल्लीतला गोट्यांचा डाव ही अशी शाळाच आहे.

हुकूकुल इबाद

आपल्या समाजाला ही शिकवण परकी नाही. हुकूकुल इबाद, म्हणजे बंद्यांचे एकमेकांवरील हक्क, हा शब्द आपण मौलवीसाहेबांच्या तोंडून वारंवार ऐकतो. पण त्या बंद्यांत आपले चार वर्षांचे मूलही येते, हे विसरतो. हजरत पैगंबरांच्या मजलिशीतील एक प्रसंग हदीसमध्ये आला आहे. पेयाचा प्याला आला. त्यांच्या उजव्या हाताला एक लहान मुलगा होता, डावीकडे वडीलधारी मंडळी. रिवाजाप्रमाणे पाळी उजवीकडच्याची. आधी वडीलधाऱ्यांना देऊ काय, असे त्यांनी मुलाला विचारले. मुलाने नम्रपणे नकार दिला, आणि प्याला मुलाच्याच हाती देण्यात आला! कोणी त्याला उद्धट म्हटले नाही. मुलांना देताना त्यांच्यात न्याय राखा, ही ताकीदही हदीसमध्ये आहे. कुरआन शरीफच्या सूरह नूरमध्ये तर लहान मुलांनीही दिवसातील तीन वेळी वडिलांच्या खोलीत परवानगी घेऊनच यावे, असे सांगितले आहे. प्रत्येकाचा एकांत हा त्याचा हक्क आहे आणि तो राखणे ही दुसऱ्याची अदब आहे, याचा हा बालवयातील पहिला पाठ होय.

चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे मूल झाले की बिस्मिल्ला करण्याची रीत अनेक घराण्यांत आहे. त्या दिवशी मुलाला नवे कपडे, मिठाई, सर्वांचा आशीर्वाद. त्याच वयात हक्क व अदब यांचा पाठही सुरू का होऊ नये?

घरी काय करावे?

यासाठी खर्च लागत नाही. जेवताना मुलाला आधी आणि मुलीला उरलेले, असे असेल तर ते बंद करावे. न्यायाचा पहिला धडा दस्तरखानावर मिळतो. मुलाची वस्तू दुसऱ्याला देण्याआधी त्याला विचारावे, म्हणजे तोही दुसऱ्याची वस्तू विचारून घेईल. मूल बोलत असता ते पुरते ऐकावे. मागणी नाकारायची असेल तर कारण सांगून नाकारावी. आपली चूक झाली तर मुलाजवळ माफी मागावी. याने बापाचा दर्जा कमी होत नाही, माफीचा दर्जा वाढतो. नको असलेला स्पर्श कोणी केला तर 'नाही' म्हणण्याचा आणि तो घरी सांगण्याचा त्याला हक्क आहे, हे त्याला स्पष्ट सांगावे. मोलकरणीला, रिक्षावाल्याला, दारी आलेल्या सफाई कामगाराला आपण कसे हाकारतो, हे मूल टिपत असते, हे ध्यानात ठेवावे. ईदचा शीरखुर्मा शेजारी पाठवताना ताट मुलाच्या हाती द्यावे आणि शेजारचा दिवाळीचा फराळ आला की आभार त्यालाच मानायला लावावेत.

आणि छडी? मारलेले मूल मार विसरते, पण मोठ्या माणसाने लहानाला मारायचे असते हा धडा विसरत नाही. संधी मिळताच धाकट्या भावावर तो गिरवते. मुक्ताने पाहिलेला तो दगड असाच एका हातातून दुसऱ्या हातात आला असेल.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. हक्क मागणे सोपे, दुसऱ्याचा हक्क ओळखणे अवघड. आज तुमच्या घरी एखादे धाकटे भावंड असेल, शेजारी एखादे शाळेत न जाणारे मूल असेल. त्याच्यासाठी कोणाच्या तरी दारी जाऊन शब्द टाकायला तुम्ही फार लहान आहात असे समजू नका.

गफार बेग मुन्शींनी शेजाऱ्याच्या दारी जाऊन दोन शब्द टाकले नसते तर काय झाले असते, याचा विचार करावा. ना भिडे वाड्याची शाळा निघाली असती, ना मुक्ताची लेखणी चालली असती. त्यांच्या नावाचा मोठा पुतळा पुण्याच्या चौकात उभा नाही. पण आपल्या मोहल्ल्यातील प्रत्येक घराने मुलाच्या तोंडचा घास काढून न घेता तो नीट चावून खायला शिकवले, म्हणजे आपले म्हणणे निर्भयपणे व अदबीने मांडायला शिकवले, तर मुन्शीजींचे स्मारक घराघरांत उभे राहील.